आधी ती नथ काढ

भनपुरी, रायपूर
११ नोव्हेंबर २०२५

प्रशिक,

जयभीम.

त्याआधी 'सप्रेम' लिहायची पद्धत आहे, ती मला माहीत आहे. विसरले नाही. लिहिलं नाही.

पत्र बघून तू चकित होशील. रायपूरच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला मुलगा आणि मध्ये पोस्टमन. पायल म्हणाली, "आई, तू पण ना! भाई को सीधा फोन लगा ना." नाही लावणार. मी फोनवर बोलले की ते आठ दिवसांत तुझ्या स्टेजवर. मागे माझा गुडघा दुखत होता म्हणून तुला फोन केला, तर लगेच तुझ्या स्टेजवरच्या गोदाकाकूचाही गुडघा दुखायला लागला आणि साऱ्या छत्तीसगढनं तो मोबाइलवर पाहिला. डॉक्टरांनी मला विचारलं, "अम्मा, ये वही वाला घुटना है क्या?" तेव्हाच ठरवायला हवं होतं की माझ्या तोंडचा शब्द तुझ्या कानावर पडू द्यायचा नाही. उशिरा ठरवलं, पण ठरवलं.

म्हणून पत्र, आणि तेही शाळेतल्या मराठीत. गोंदियाला मॅट्रिकला निबंधात माझा वर्गात पहिला नंबर होता. माझी घरची बोली यात शोधू नकोस, सापडायची नाही. तू हिंदी शाळेत शिकलास, तेव्हा एखादा शब्द अडला तर पायलला विचार. गोदाकाकूला विचारू नकोस.

कामाचं सांगते. गोदाकाकू बंद कर.

तुझ्या कामाच्या आड मी कधी आले नाही, हे तू कुठेही कबूल करशील. रेल्वे वर्कशॉपच्या कॉलनीत चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात तू बाबांच्या फोरमनची नक्कल केलीस, तेव्हा आठवीत होतास. फोरमन समोरच बसला होता. बाबांना घाम फुटला होता आणि मी तोंडाला पदर लावून हसत होते. बाकीच्यांच्या मुलांनी रेल्वेच्या परीक्षा दिल्या, तू छत्तीसगढी गाण्यांच्या सीडीत हिरोइनच्या मागे नाचायला गेलास. मग सिनेमात हिरोचा मित्र झालास. हिरो बदलले, म्हातारे झाले, त्यांची मुलं हिरो झाली, तू आपला मित्रच. शेणात पडायचं, सासऱ्याची लाथ खायची, कुत्रा मागे लागला की झाडावर चढायचं. अभनपूरच्या शूटिंगला तू खरंच कठड्यावरून पडलास, हात मोडला, आणि लोक म्हणाले, वा, काय सीन केला. मी हळद घालून दूध दिलं आणि शेजारणींना सांगितलं की माझा मुलगा आर्टिस्ट आहे, त्याला असं लागतच असतं.

मग तुला गोदाकाकू सापडली. सापडली कसली, स्वयंपाकघरात उभीच होती. 'परसू भैया की गोदाकाकू.' स्वतःचं नाव बदलून परसू केलंस, माझं मात्र जसंच्या तसं ठेवलंस. तुला सरिता, लता काही सुचलं नाही? आता बाजारात भाजीवाली मला बघितलं की ओरडते, "ए गोदाकाकू, एक ठन डायलॉग सुना दे ना ओ!" मी रागावले की ती जास्त खूश होते, कारण तिला वाटतं हाच डायलॉग. आपलेच दात अन् आपलेच ओठ. सांगायचं कुणाला?

हे सगळं मी गिळलं. ऑक्टोबरचा शो गिळणार नाही.

तू मला पहिल्या रांगेत बसवलंस. घ्यायला गाडी पाठवलीस. गोदाकाकूचा नवरा मेला, असा नवा सीन होता. स्टेजवर रिकामी खाट, तिच्यावर चादर, आणि तू माझ्यासारखा कप धरून उभा. "काहून सोए हो जी? उठो ना. चाय थंडी होऊन राहिली. मर-गिर गए का?" सगळा हॉल पोट धरून हसला. माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं माझ्याच मांडीवर थाप मारली.

ते मी तुझ्या बाबांना म्हटलं होतं, प्रशिक. त्यांना अंगणात ठेवलं होतं, भंतेजी यायचे होते, सगळा पारा, सगळी वस्ती जमली होती आणि तू माझ्या पाठीशी उभा होतास. मी माझ्या नवऱ्याला काय म्हणाले ते तू तिथे उभा राहून पाठ केलंस, आणि वर्ष व्हायच्या आत तिकीट लावून लोकांना ऐकवलंस. मी मध्येच उठून गेले ती गुडघ्यामुळे नाही. पायलनं तुला तसं सांगितलं असेल तर ती खोटं बोलली.

बंद कर. एवढंच सांगायला लिहिलं.

आई


भनपुरी
२४ नोव्हेंबर २०२५

प्रशिक,

जयभीम.

तुझं पत्र पोचलं. अर्धं पान, तेही हिंदीत. हिरोच्या मित्राला याहून मोठे संवाद असतात.

मला समजलं ते असं. 'गोदाकाकू' नावाचा सिनेमा निघतो आहे. भार्गव नावाचे कोणी प्रोड्यूसर आहेत. हिरो तू, हिरोइनही तूच. पोस्टरवर पहिल्यांदा तुझं नाव सगळ्यात वर. बाबांच्या खाटेचा तो सीन इंटरव्हलच्या आधी घालायचा आहे आणि त्याच्याशिवाय सिनेमा होत नाही, असं भार्गवांचं म्हणणं. शेवटी तू लिहितोस, "आई, तू हाँ बोलेगी तो करूँगा, ना बोलेगी तो छोड़ दूँगा."

हा कुठला न्याय? इतकी वर्षं शेणात पडल्यावर तुला एक बरा दिवस दिसतो आहे, आणि तो ठेवायचा की घालवायचा हे मी ठरवायचं? हो म्हटलं तर मी माझ्या नवऱ्याचं मरण पडद्यावर लावणारी बाई, नाही म्हटलं तर मुलाच्या पायावर धोंडा टाकणारी. नक्कल करताना मला विचारलं होतंस का? तेव्हा मोठा शहाणा होतास. आता म्हणे आई ठरवेल.

आणि हे काय लिहिलं आहेस, "वो सीन कॉमेडी नहीं था, आई, लोग हँस दिए तो मैं क्या करूँ?" चोराच्या उलट्या बोंबा. कपाळावर वाटीएवढं कुंकू लावून, नाकात फणसाएवढी नथ घालून उभा राहतोस आणि लोक हसले म्हणून तक्रार करतोस?

नथीवरून निघालं म्हणून सांगते. परवा पायल बीरगांवहून आली होती. जावयाला रोलिंग मिलमध्ये सुट्टी होती, त्यामुळे पोरांना तिकडेच ठेवून एकटी आली. मी तिला म्हटलं, दाखव तुझ्या भावाचे पराक्रम. दुपारभर तिच्या मोबाइलवर मी गोदाकाकू बघितली. आतापर्यंत मी लोकांच्या तोंडून ऐकून चिडत होते. आता स्वतः बघून चिडले आहे.

अरे, ही कोण बाई आहे?

मी नऊवारी कधी नेसले? माझी आई नेसायची, तेही शेतात. मी लग्नापासून पाचवारी नेसते, पंडरीच्या दुकानातली, धुवायला हलकी. नथ आपल्या घरात नव्हतीच. सोनं झालं ते पायलच्या कानापुरतं. मराठी बाई दाखवायची म्हटलं की नऊवारी आणि नथ, हे तुला कोणी शिकवलं? रायपूरच्या लोकांना कळावं म्हणून? रायपूरचे लोक मला रोज बाजारात बघतात. त्यांना मी नथीशिवाय कळते.

आणि 'हाय राम'! प्रत्येक वाक्यामागे 'हाय राम'! तुझ्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा त्यांच्याजवळ परतीच्या गाडीचं भाडं नव्हतं, चालत निघाले होते. त्यांची सून मी. माझ्या तोंडात तू 'हाय राम' घालतोस? पायल म्हणाली, "आई, पब्लिक को अच्छा लगता है." पब्लिकला अच्छा लागतं म्हणून उद्या मला हातात टाळ देशील. विहारातल्या बाया मला विचारतात आणि मी त्यांना सांगते, ती मी नाही, ती दुसरीच कोणी आहे. आता बघितल्यावर कळलं की मी खरं तेच सांगत होते.

अजून ऐक. मी ओरडत नाही. तुझी गोदाकाकू सारखी ओरडते. मला राग आला की माझा आवाज खाली जातो. तुझ्या बाबांना वर्कशॉपच्या ठोकाठोकीमुळे ऐकू कमी यायचं, शेजारचा रेडिओ त्यांना ऐकू येत नसे, पण मी चुलीपाशी हळू बोलले की ते अंगणातून उठून यायचे. तेवढं तुला जमलं नाही. मी थैली डाव्या खांद्याला लावते, कारण उजव्यात लचक आहे. तू उजव्या खांद्याला लावतोस. आणि मी चालताना कंबर हलवत नाही. माझ्या वयाच्या बाईची कंबर हलत नसते, हलली तर धरते.

नाचता येईना, अंगण वाकडं. पंचवीस वर्षं माझ्या हातचं जेवलास आणि मी कशी दिसते हे तुला माहीत नाही, याचा मला त्या हसणाऱ्या लोकांहून जास्त राग आला.

खाटेचा सीनही पायलच्या मोबाइलवर आहे. ती म्हणाली, "एक बार ठीक से देख ले." मी नाही बघितला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर या पत्रात नाही. रागात हो-नाही लिहू नये.

आई


भनपुरी
६ डिसेंबर २०२५

प्रशिक,

जयभीम.

आज सहा डिसेंबर. सकाळी विहारात मेणबत्ती लावून आले. आजच्या दिवशी मी भांडत नाही, तेव्हा हे पत्र भांडणाचं नाही असं समजून वाच. जमेल तितकं.

तुझे भार्गव काल इथे आले होते. गल्लीत ट्रक उभे होते म्हणून गाडी लांब ठेवून, बुटांना चिखल लावून आले. पेढे आणले, शाल आणली. पायल घरात होती म्हणून बरं. पाया पडले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "माताजी, एक बार वो बोलिए ना. थंडी होऊन राहिली वाला."

मी म्हटलं, "आपलं स्वागत आहे. आपण आसनस्थ व्हावं."

ते पायलकडे बघायला लागले. पायल भिंतीकडे.

"नहीं माताजी, वो... काहून वाला."

"क्षमस्व," मी म्हटलं. "ते मला अवगत नाही."

त्यांनी पायलला हळूच विचारलं, "दीदी, ये सच में वही हैं ना?" तुझ्या बाबांनी हे बघायला हवं होतं. आठवडाभर हसले असते.

चहा दिल्यावर गृहस्थ कामाचं बोलले. म्हणाले, "परसू भैया को कुछ हो गया है, माताजी. रिहर्सल में कप लेके खड़े होते हैं, 'काहून' बोलते हैं, और बस. गाड़ी आगे ही नहीं बढ़ती. बाकी सब सीन फर्स्ट क्लास. वो एक सीन नहीं होता, और वही सीन चाहिए." मग ते म्हणाले की जानेवारीत शूटिंग आहे, थांबता येत नाही, आणि बिलासपूरला एक मुलगा आहे, तो तुझे व्हिडिओ बघून बघून गोदाकाकू शिकला आहे. "बहुत बढ़िया करता है. आवाज भी पतली है. परसू भैया से नहीं हुआ तो उसको ले लेंगे."

खरं सांगते, तेव्हा माझी शाळेतली मराठी पळून गेली. मी म्हटलं, "कोन हाय जी थो पोट्टा? मी काय त्याची माय हाय का? काहून करन थो माही नक्कल? त्याले घरी माय नाही का?"

भार्गव उभेच राहिले. "हाँ! हाँ! यही! यही वाला!" म्हणून टाळ्या वाजवायला लागले. मला इतकी लाज वाटली की पेढ्यांचा पुडा उचलून त्यांच्या हातात परत दिला. शाल तिथेच राहिली. पायलनं घातली आहे.

ते गेल्यावर मी पायलला म्हटलं, दाखव तो सीन.

बघितला. त्या दिवशी हॉलमध्ये मी तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि लोकांचं हसणं ऐकत होते. काल आवाज बंद करून बघितला. लोक हसायला लागल्यावर तू त्यांच्याकडे पाठ केलीस. नेहमी तू हसू आलं की पुढे येतोस, डोळे फिरवतोस, अजून थोडं मागून घेतोस. इथे पाठ केलीस आणि कप धरलेला तुझा हात कापत होता. चहा बशीत सांडला. माझा हात तसा कापत नाही, त्या दिवशीही कापला नव्हता. तो तुझाच हात होता.

पायल म्हणाली की शो संपल्यावर तू मेकअपच्या खोलीत कडी लावून बसला होतास आणि बराच वेळ दार उघडलं नाहीस. हे मला ऑक्टोबरात का नाही सांगितलं म्हणून मी तिच्यावर ओरडले. म्हणजे हळू बोलले. ती घाबरली.

हे बघ, माझा राग गेलेला नाही. तुझ्या वडिलांचं दुःख तुला सांगता येत नव्हतं तर आईजवळ येऊन बसायचं होतं. स्टेजवर नथ घालून जायचं नव्हतं. पण बिलासपूरच्या त्या मुलाला माझी साडी नेसू देणार नाही, हे मात्र नक्की. नक्कल करायचीच तर माझ्या पोटच्यानं करावी, चुकलं तर त्याचे कान धरता येतात.

तरी तो सीन तुला का जमत नाही ते मला कळलं आहे. सांगायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. ती गोष्ट एकट्या माझी नाही.

आई


भनपुरी
१७ डिसेंबर २०२५

प्रशिक,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, पायलच्या हाती देते आहे. पोस्टमनच्या भरवशावर राहिले तर परवाची तारीख उलटून जाईल.

तुझा निरोप तिनं सांगितला. "बोल दे आई को, छोड़ दिया पिक्चर." आणि मोबाइल बंद करून बसला आहेस म्हणे.

कोण म्हणालं सोड? तू माणूस आहेस की कोण आहेस? मी 'बंद कर' म्हणाले तेव्हा बंद केलं नाहीस, आणि 'सिनेमा नको' असं म्हणालेच नाही तेव्हा सोडून बसलास! आयुष्यात पहिल्यांदा आईचं ऐकायचं सुचलं, ते पण चुकीच्या वेळी, चुकीच्या पत्राचं. भार्गवांनी अजून कोणाला घेतलं नाही. मी पायलच्या फोनवरून त्यांना विचारलं. रविवारपर्यंत थांबतो म्हणाले.

आता नीट वाच. अडलं तर पायल समोर बसलेली असेल, तिला विचार.

तू लहान होतास तेव्हा आपण कॉलनीत एका खोलीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबांना रात्रपाळी असली की ते पहाटे येऊन झोपायचे. पुढे रात्रपाळी गेली, तरी सकाळी मी चहा घेऊन जायची तेव्हा ते चादर कपाळापर्यंत ओढून पडलेले असायचे. झोपलेले नसायचे. सोंग करायचे. मला कळायचं आणि मला कळतं हे त्यांना कळायचं. मी उभी राहून म्हणायची, "काहून झोपून राहिले जी? उठा ना. चहा थंडा होऊन राहिला." हूं की चूं नाही. मग मी म्हणायची, "मेले का काय जी?"

आणि ते एक डोळा उघडून म्हणायचे, "अजून नाही वो. बिस्कुट हाय का?"

रोज. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सुरू झालं ते कधी बंद पडलं नाही. आजारपणातही नाही. भांडण झालेलं असलं तर मी वाक्य रागात म्हणायची, ते पण आपलं रागात म्हणायचे, आणि बिस्किटापर्यंत आलं की भांडण मिटायचं. तुम्ही दोघं झोपलेले असायचे. तुम्हाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, नवरा-बायकोचं होतं. फोरमनची नक्कल तू कुठून शिकलास, असं लोक विचारायचे, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघायचो.

गेल्या वर्षी त्या सकाळी मी चहा घेऊन गेले. माझं पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं म्हटलं. आणि कप धरून उभी राहिले. चहावर साय आली तरी उभी राहिले. ते उत्तर द्यायला नेहमीच थोडा वेळ लावायचे, मुद्दाम, मला चिडवायला.

मग सगळे जमले, त्यांना अंगणात आणलं, तेव्हा मी परत म्हटलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणी म्हणालं, "काकूले धक्का बसला." तुलाही तेच वाटलं, आणि तू ते तसंच स्टेजवर नेलंस: एक खुळी बाई, मेलेल्या माणसाला चहा पाजायला निघालेली. मी खुळी झाले नव्हते, प्रशिक. ते गेले हे मला सगळ्यांच्या आधी माहीत होतं. माझं बोलून झालं होतं आणि त्यांचं बोलायचं राहिलं होतं. इतकी वर्षं एका दिवसाचाही खाडा नाही, म्हणून एकदा सगळ्यांसमोर म्हणून बघितलं.

म्हणून तुला तो सीन जमत नाही. तू अर्धाच सीन करतो आहेस. ज्याच्याशी बोलायचं तो खाटेवर नाहीच. तू त्या ठिकाणी थांबतोस कारण तिथे कोणीतरी बोलायचं आहे, एवढं तुझ्या अंगाला कळलं, डोक्याला कळलं नाही. नट आहेस, म्हणून कळलं. ते मी मान्य करते.

आता माझ्या अटी सांगते. भार्गवांनाही वाचून दाखव.

आधी ती नथ काढ. नऊवारी नको, पायलजवळ माझी निळी साडी दिली आहे, तसली घ्या. 'हाय राम' एकदाही ऐकू आलं तर मी टॉकीजमध्ये उभी राहून बोलेन, आणि ओरडून बोलेन. थैली डाव्या खांद्याला.

खाटेवर माणूस पाहिजे. चांगला, वयस्कर, पोट असलेला. सिनेमाच्या सुरुवातीला एक सकाळ दाखवा. तो एक डोळा उघडेल आणि बिस्कीट मागेल. लोक हसतील. हसू दे, मीसुद्धा रोज हसायची. मध्ये भांडणानंतरची एक सकाळ दाखवा, परत हसतील. आणि मग अंगण. तिथे तू काही करू नकोस. डोळे फिरवू नकोस, हात कापवू नकोस. दोन्ही वाक्यं म्हण आणि कप धरून थांब, मी थांबले होते तेवढा वेळ. मग बघू कोण हसतं ते. आणि त्यातूनही कोणी हसलंच तर हसू दे. त्यांना ते आवडलं असतं.

हे मी तुला दिलं. आता ते तुझं आहे. बिलासपूरच्या मुलाला सांगू नकोस.

परवा बाबांना वर्ष होतं. दुपारी भंतेजी येणार आहेत, तू ये, पायल बुंदी करणार आहे. पण त्याआधी सकाळी मोबाइल चालू ठेव. चहाच्या वेळी मी फोन लावणार आहे. घरच्या बोलीत बोलेन, रेकॉर्ड करायचं तर खुशाल कर. हॅलो म्हणणार नाही. माझी दोन वाक्यं म्हणेन, बाबांना म्हणायची तशीच, आणि थांबेन.

तुले काय म्हनाचं हाय ते आता मालूम झालं. लय वेळ लावू नोको बापू, मी कप धरून उभी राहीन.

सप्रेम जयभीम.

तुझी आई